समुद्र दिसतो, पण पाणी जातं कुठे? वर्सोव्याच्या निमित्ताने किनाऱ्यावरच्या वस्तीचं मोजमाप



आजचा विषय वाचून आलेल्यांपैकी बहुतेकांच्या मनात एक सरळ प्रश्न असणार : समुद्रकिनारी घर घ्यावं की घेऊ नये? आम्ही आज या प्रश्नाचं हो किंवा नाही असं उत्तर देणार नाही. ते उत्तर घरागणिक बदलतं. पण ते कसं काढायचं, कोणत्या गोष्टी तराजूत टाकायच्या आणि कोणत्या गोष्टींना उगाच जास्त वजन द्यायचं नाही, एवढं आज नक्की सांगणार आहोत. आयुष्यभराची बचत आणि वर वीस वर्षांचं कर्ज घालून माणसं घर घेतात, आणि पाहणी करतात ती जानेवारीतल्या एखाद्या रविवारी संध्याकाळी, सूर्यास्ताच्या वेळेला! त्या वेळेला कुठलाही किनारा सुंदरच दिसतो.

उदाहरण म्हणून आम्ही मुंबईच्या पश्चिम उपनगरातलं वर्सोवा निवडलं आहे. कोळी मंडळी त्याला वेसावे म्हणतात. हे ठिकाण का? तर किनाऱ्यावरच्या उपनगरी वस्तीचे सगळे गुण आणि सगळ्या अडचणी तिथे एका ठिकाणी सापडतात. कोळीवाडा आहे, उंच इमारती आहेत, वाळूचा किनारा आहे, खाडी आहे, तिवरांचं जंगल आहे, मेट्रो आहे आणि मैलापाण्याचं केंद्रही आहे. जे वर्सोव्याला लागू पडतं, ते थोड्याफार फरकाने किनाऱ्यावरच्या कुठल्याही वाढत्या वस्तीला लागू पडेल.

आधी जमीन समजून घेऊ

नकाशा डोळ्यांसमोर आणा. वर्सोवा ही जमिनीची एक जीभ आहे. पश्चिमेला अरबी समुद्र. उत्तरेला मालाडच्या खाडीचं मुख, आणि त्या मुखापलीकडे मढ. तिथला किल्ला १७३९ साली वसई मोहिमेच्या काळात मराठ्यांनी घेतला. पूर्वेला यारी रोड आणि लोखंडवाला यांच्यामध्ये खाडीचा एक फाटा आत घुसलेला आहे. म्हणजे तीन बाजूंनी पाणी आणि बाहेर पडायला मुख्यतः एकच बाजू.

आता यात एक मेख आहे. घर घेणारा माणूस पश्चिमेकडे बघतो, कारण समुद्र तिकडे आहे. पण अशा वस्तीचं भलंबुरं ठरतं ते मागच्या बाजूला, खाडीकडे. खाडी म्हणजे त्या सगळ्या परिसराची मोरी. आपल्या घराचं, शेजाऱ्याचं आणि पार अंधेरीपर्यंतचं पाणी शेवटी तिथे जातं. पूर्वी या खाडीच्या काठाने पाणथळ जमिनी आणि तिवरं होती. लोखंडवाला संकुल गेल्या शतकाच्या सत्तर-ऐंशीच्या दशकांत उभं राहिलं ते अशाच पाणथळीवर भराव घालून. भराव घातला म्हणजे जमीन वाईट झाली, असं नाही. निम्मी मुंबई भरावावर उभी आहे. पण पाणी पूर्वी जिथे पसरत होतं, तिथे आता घरं आहेत, हे लक्षात ठेवायचं. पाण्याला जागा हवीच असते. एक बंद केली की ते दुसरी शोधतं.

पहिलं वजन : भरती आणि पाऊस

कोकणातल्या दर्यावर्दी लोकांचा एक जुना हिशेब आहे. तिथीच्या पाऊणपट करा, म्हणजे भरतीची वेळ मिळते. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला पूर्ण भरती. पौर्णिमा किंवा अमावस्या असेल तर पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. हा ढोबळ हिशेब आहे, अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो. पण त्यातून फार उपयोगाची एक गोष्ट कळते. मोठी भरती, म्हणजे उधाण, पौर्णिमा-अमावस्येच्या आसपास आणि त्यानंतरच्या एक-दोन दिवसांत येतं. म्हणजे मुंबईत मोठ्या भरतीची वेळ साधारण दुपारी अकरा-बारा ते दोन ही ठरलेली, आणि तशीच मध्यरात्री. शाळा सुटायची वेळ, कामावरची माणसं बाहेर असायची वेळ.

आता यात पाऊस मिसळा. मुंबईच्या पावसाळी पाण्याच्या नाल्यांना समुद्रात किंवा खाडीत उघडणारी १८६ तोंडं आहेत. महापालिकेच्या भाषेत त्यांना पातमुखं म्हणतात. त्यातली ४५ समुद्राच्या सरासरी पातळीच्याही खाली आहेत. १३५ सरासरी पातळीच्या वर असली, तरी भरतीच्या पातळीच्या खाली आहेत. भरतीच्याही वर फक्त ६. याचा अर्थ काय? भरती चढली की बहुतेक नाल्यांची तोंडं पाण्याखाली जातात. बाहेरचं पाणी आतल्या पाण्यापेक्षा वर असतं. बेसिनमध्ये पाणी तुंबलेलं असताना वरून नळ चालूच ठेवला तर जे होतं, तेच रस्त्यावर होतं.

२६ जुलै २००५ आपल्या सगळ्यांच्या लक्षात आहे. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, आणि त्याच दिवशी कुलाब्याला जेमतेम पाऊणशे मिलिमीटर. म्हणजे शहरात छत्रीचा पाऊस आणि उपनगरात प्रलय. दुपारी वर साडेचार मीटरच्या आसपासची भरती. हा दिवस अपवादाचा होता, मान्य. पण वस्तीची पारख अपवादाच्या दिवशीच होते. रोज कोण कसं वागतं ते ठीक आहे, अडचणीला कोण उभं राहतं ते बघायचं, असं आपण माणसांबद्दल म्हणतो. घरालाही तोच नियम.

यावर उपाय म्हणजे उदंचन केंद्र. नाल्याच्या तोंडाशी झडपा लावायच्या, भरतीला त्या बंद करायच्या आणि आतलं पाणी पंपाने उचलून समुद्रात टाकायचं. १९९३च्या ब्रिमस्टोवॅड अहवालातून निघालेल्या योजनेत अशी आठ केंद्रं होती. हाजी अली, इर्ला, लव्हग्रोव्ह, क्लीव्हलँड बंदर, ब्रिटानिया आणि गझदरबंध ही सहा उभी राहिली. मोगरा आणि माहुल मात्र वर्षानुवर्षं रखडली. यातला मोगरा नाला आपल्या विषयाशी थेट जोडलेला आहे. तो अंधेरीकडचं पाणी मालाडच्या खाडीकडे आणतो. अंधेरीचा सबवे दर पावसाळ्यात पाण्याखाली जाऊन बंद होतो, त्या गोष्टीत या नाल्याचा मोठा वाटा आहे.

म्हणून दोन प्रश्न वेगळे ठेवा. एक, माझ्या इमारतीत पाणी शिरतं का? दुसरा, माझ्या इमारतीत शिरलं नाही, तरी मी घरी पोचू शकतो का? विसाव्या मजल्यावर समुद्र बघत बसलेला माणूस कोरडा असतो, पण त्याची मुलगी अंधेरी पूर्वेला अडकलेली असते. आणि खाली मीटरची खोली, पाण्याचा पंप आणि लिफ्टचा खड्डा तळमजल्यावर किंवा त्याच्याही खाली असतो. तिथे पाणी शिरलं की विसावा मजलाही अंधारातच.

याच वजनात भविष्यही मोजायचं. मुंबईत भरती मोजायची नोंद १८७८ पासून आहे आणि समुद्राची पातळी हळूहळू वाढते आहे. वाढ वर्षाला मिलिमीटरमध्ये आहे, त्यामुळे उद्या घाबरून पळायचं कारण नाही. पण इमारत साठ वर्षांसाठी बांधतात आणि नाल्याची तोंडं आजच भरतीखाली आहेत. दर काही सेंटिमीटरला झडपा आणखी थोडा वेळ बंद ठेवाव्या लागणार, एवढं गणित कुणालाही करता येईल.

दुसरं वजन : घाण पाणी आणि कचरा

मुंबईत मैलापाण्याची सात केंद्रं आहेत. त्यातलं एक वर्सोव्यालाच आहे आणि त्याचं पाणी मालाडच्या खाडीत जातं. या सातही केंद्रांच्या नव्या उभारणीची कामं महापालिकेने हाती घेतली आहेत. ती पूर्ण होऊन नीट चालली तर खाडीचं रूप बदलेल. पण ज्या वस्त्यांमधून मैलापाणी केंद्रापर्यंत येतच नाही, थेट नाल्यात सुटतं, तिथलं काय, हा प्रश्न उरतोच. घर बघायला जाल तेव्हा ओहोटीच्या वेळी खाडीच्या बाजूला पंधरा मिनिटं उभे राहा. नाक सांगेल ते कुठलीही जाहिरात सांगणार नाही.

किनाऱ्यावरच्या कचऱ्याची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. ऑक्टोबर २०१५ मध्ये अफरोज शाह या वकिलाने वर्सोव्याच्या वाळूवरचा कचरा उचलायला सुरुवात केली. हळूहळू शेकडो माणसं जोडली गेली. २०१६ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने त्यांना ‘चॅम्पियन ऑफ द अर्थ’ हा सन्मान दिला. मार्च २०१८ मध्ये त्याच वाळूतून ऑलिव्ह रिडले कासवांची ऐंशीच्या आसपास पिल्लं समुद्राकडे गेली. ही खरी घडलेली गोष्ट आहे आणि तिचं कौतुक करावं तेवढं थोडं.

पण मोजमाप करताना तिच्यातून दोन्ही गोष्टी घ्यायच्या. पहिली, की ही वस्ती एकत्र येऊ शकते. हा फार मोठा गुण आहे आणि तो विकत मिळत नाही. दुसरी, की कचरा एकदा उचलून संपत नाही. दर पावसाळ्यात नाल्यांमधून खाडीत, खाडीतून समुद्रात आणि समुद्रातून परत वाळूवर, असा त्याचा फेरा चालूच राहतो. वर्सोव्याच्या वाळूवरचं प्लॅस्टिक वर्सोव्याच्याच माणसांनी टाकलेलं असतं असं नाही. ते नाल्याकाठच्या साऱ्या उपनगराचं असतं. तेव्हा किनारा स्वच्छ दिसला तर ‘किती स्वच्छ आहे’ म्हणून थांबू नका. तो कोण स्वच्छ करतं आणि किती दिवसांनी, हे विचारा.

तिसरं वजन : खारा वारा

शाळेत भूगोलात आपण खारे वारे आणि मतलई वारे शिकलो. दिवसा जमीन तापते, समुद्रावरून जमिनीकडे खारे वारे येतात. रात्री उलटं, जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारे. दुपारी वर्सोव्याला अंधेरी स्टेशनपेक्षा बरं वाटतं ते खाऱ्या वाऱ्यामुळे. पण हिवाळ्याच्या रात्री आणि सकाळी शहरातली धूळ आणि धूर घेऊन वारा पश्चिमेलाच येतो. ज्यांच्या घरात दम्याचा त्रास आहे, त्यांनी ‘समुद्राची हवा चांगली’ एवढ्यावर न जाता डिसेंबर-जानेवारीत पहाटे तिथे जाऊन यावं. शिवाय पुढच्या ओळीत उंच इमारतींची भिंत उभी राहिली की मागच्या ओळीला वारा मिळत नाही, घाम मात्र तेवढाच राहतो.

वाऱ्यातलं मीठ काय करतं? काँक्रीटच्या आत लोखंडी सळ्या असतात. मीठ ओलाव्याबरोबर काँक्रीटमध्ये मुरतं आणि सळीपर्यंत पोचतं. सळी गंजते. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, म्हणून तो काँक्रीटला आतून ढकलतो. आधी बारीक भेग, मग पोपडे, मग छज्जाचा तुकडा खाली. आयएस ४५६ या भारतीय मानकात त्यासाठी नियम आहेत : परिस्थिती जितकी कडक, तितकं काँक्रीट दमदार आणि सळीवरचं आवरण जाड. समुद्राच्या पाण्याचे तुषार जिथे पोचतात, तिथे किमान एम-३५ दर्जाचं काँक्रीट आणि ५० मिलिमीटर आवरण लागतं. जुन्या इमारती असा विचार करून बांधलेल्या असतीलच, असं नाही.

म्हणून जुनी इमारत घेताना गिलावा आणि रंग बघू नका. जिन्याखालची तुळई, पाण्याच्या टाकीचा तळ, गच्चीचा कठडा आणि पार्किंगचे खांब बघा. सोसायटीकडे संरचनात्मक तपासणीचा, म्हणजे स्ट्रक्चरल ऑडिटचा, अहवाल मागा. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे १५ ते ३० वर्षांच्या इमारतीची दर पाच वर्षांनी आणि त्याहून जुनीची दर तीन वर्षांनी तपासणी करायची असते. मुंबई महापालिका कायद्याच्या ३५३-ब कलमानेही ३० वर्षांवरच्या इमारतीला ती बंधनकारक आहे. ‘अहवाल सापडत नाही’ हे उत्तर मिळालं, तर तेच तुमचं उत्तर समजा.

पुनर्विकास होईल आणि सगळं नवं मिळेल, असा हिशेब बरेच जण धरतात. किनाऱ्यावर तो सावधपणे धरावा. १९९१ साली किनारा नियमन क्षेत्राची, म्हणजे सीआरझेडची, अधिसूचना आली. पुढे २०११ आणि २०१९ मध्ये ती बदलली. काय बांधता येतं, किती उंच, खाडीपासून किती अंतरावर, हे प्रत्येक वेळी बदललं. आपला भूखंड कुठल्या वर्गात येतो, हे दलालाच्या तोंडून ऐकायचं नाही, मंजूर नकाशावर बघायचं.

चौथं वजन : ये-जा

८ जून २०१४ ला वर्सोवा–अंधेरी–घाटकोपर मेट्रो सुरू झाली. ११.४ किलोमीटर, १२ स्थानकं. या एका मार्गाने वर्सोव्याचं आयुष्य बदललं. पूर्वेला जायचं म्हणजे दिवस घालवायचा, हे दिवस गेले. पण स्थानकाचं नाव वर्सोवा असलं, तरी ते सात बंगल्याजवळ आहे. तिथून कोळीवाड्यापर्यंत चांगली अर्ध्या तासाची चाल पडते. घर आणि स्थानक यांच्यातला हा शेवटचा तुकडा, सकाळी नऊला रिक्षा मिळते का, बस वेळेवर येते का, फुटपाथवरून म्हाताऱ्या माणसाला चालता येतं का, यावर रोजचं सुखदुःख ठरतं.

उत्तरेला मढला जायला बोट आहे. माणसंही जातात, दुचाकीही जातात, काही मिनिटांत पलीकडे. रस्त्याने मालाडवरून वळसा घातला तर वीसेक किलोमीटर. वांद्रे–वर्सोवा सागरी सेतूचं काम चालू आहे, पुढे उत्तरेकडे किनारी रस्त्याची योजना आहे. हे झालं की दक्षिणेला जाणं सोपं होईल, यात शंका नाही. पण तोवरची धूळ आणि आवाज आजच्या रहिवाशांच्या वाट्याला आहे. आणि नवा रस्ता फक्त आपल्यालाच बाहेर नेतो असं नाही, तो बाहेरची वाहनंही आत आणतो. जीभ तेवढीच राहणार, गाड्या वाढणार.

पाचवं वजन : आपल्याआधी इथे कोण होतं

आता ज्या वजनाबद्दल सगळ्यात कमी बोललं जातं, त्याबद्दल. वेसाव्याचा कोळीवाडा ही शोभेची वस्तू नाही, ती कामाची जागा आहे. पहाटे बंदरावर माल उतरतो, बायका लिलाव लावतात, बर्फाच्या गाड्या येतात. पावसाळा संपला की बांबूच्या मांडवांवर बोंबील सुकायला टांगले जातात. १ जून ते ३१ जुलै हे ६१ दिवस पश्चिम किनाऱ्यावर मासेमारी बंद असते. त्या काळात जाळी आणि होड्या दुरुस्त होतात. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ वाहून पुन्हा हंगामाची वाट धरली जाते.

नव्या इमारतीतला माणूस तक्रार करतो : वास येतो हो! येतो ना. पण वास आधीपासून होता, फ्लॅट नंतर आला. ज्याला तो सहन होत नाही, त्याने तिथे घर घेऊ नये, हे साधं उत्तर आहे. घर घ्यायचं आणि मग मांडव हटवा म्हणून अर्ज करायचे, हे बरं नाही. मासे सुकवायची जागा, होड्या ओढायची जागा, बंदराकडे जायची वाट या गोष्टी नकाशावर पक्क्या नोंदल्या गेल्या नाहीत, तर उद्या त्या मोकळी जमीन म्हणून मोजल्या जातील. कोळीवाड्यांच्या सीमांकनासाठी कोळी समाज इतकी वर्षं का भांडतो, ते यावरून समजेल.

आणि यात आपलाही स्वार्थ आहे. तिवरं कुठे तोडली गेली, कुठल्या नाल्याचं तोंड भरावाने अरुंद झालं, कुठल्या तिथीला पाणी कुठवर चढतं, हे त्या माणसांना ठाऊक असतं. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये तिवरं तोडायला आणि त्यांच्यावर भराव घालायला मनाई केली. पण तिवर तुटताना ते पहिल्यांदा दिसतं खाडीत होडी घेऊन जाणाऱ्याला. कोळीवाडा उठला, तर वस्तीचा पहारेकरीच उठला.

मग तराजू कसा धरायचा?

शेवटचा मुद्दा, आणि आमच्या मते सगळ्यात महत्त्वाचा. या पाच वजनांची सरासरी काढू नका. परीक्षेत गणितात नापास आणि मराठीत नव्वद, म्हणून एकूण पास, असं घराच्या बाबतीत चालत नाही. समुद्र दिसतो म्हणून दहापैकी दहा आणि इमारतीच्या खांबाला भेगा म्हणून दोन, तर उत्तर सहा येत नाही. उत्तर दोनच. आधी प्रत्येक गोष्टीत किमान पास आहे का ते बघायचं, आणि मग आवडीनिवडी.

हे पास-नापास घराप्रमाणे बदलतं. पाचशे पावलांवर दवाखाना हवा असलेल्या आजोबांसाठी पावसात बंद होणारा रस्ता म्हणजे नापास. घरून काम करणाऱ्या जोडप्याला तोच रस्ता चालेल. भाड्याने राहणाऱ्याला इमारतीचं वय फारसं अडवत नाही, विकत घेणाऱ्याला तेच सर्वांत आधी बघायला हवं.

म्हणून करायचं काय, ते थोडक्यात. जुलै-ऑगस्टमध्ये पौर्णिमा किंवा अमावस्येनंतरच्या दिवशी, दुपारी एकच्या सुमाराला त्या गल्लीत जा. साडेचार मीटरपेक्षा मोठ्या भरतीच्या दिवसांची यादी महापालिका दर पावसाळ्याआधी जाहीर करते, त्यातला दिवस निवडा. तळमजल्यावरच्या दुकानदाराला विचारा, पाणी कितव्या पायरीपर्यंत येतं. वॉचमनला विचारा, टँकर कधी लागतो. सकाळी नऊला त्या घरापासून स्वतःच्या कामाच्या जागेपर्यंत एकदा जाऊन बघा. सोसायटीचे कागद बघा. आणि जमत असेल, तर विकत घेण्याआधी एक पावसाळा भाड्याने राहा. चार महिन्यांचं भाडं जाईल, पण वीस वर्षांच्या कर्जापुढे ती रक्कम किरकोळ आहे.

वर्सोवा राहण्याजोगं आहे का, असं कुणी आम्हाला आता विचारलं, तर आम्ही म्हणू : आहे, पण ज्याला पाण्याची वेळ कळते त्याच्यासाठी. समुद्र सगळ्यांनाच दिसतो. आपल्या घरातलं, गल्लीतलं, उपनगरातलं पाणी कुठे जातं आणि कुठे अडतं, हे ज्याने बघितलं, त्याने घर नीट बघितलं. आणि हे फक्त घर घेणाऱ्यांनी बघून भागणार नाही. जे तिथे आधीच राहतात, त्यांनी आपल्या वॉर्ड कार्यालयात जाऊन नाल्याबद्दल, पंपाबद्दल, तिवरांबद्दल विचारत राहायला हवं. कारण राहण्याजोगेपणा वस्तीत आयता मिळत नाही. दर पावसाळ्याआधी तो सगळ्यांना मिळून नव्याने करावा लागतो.